विनीची मंगळवारची घंटा

आमच्या गावचा मोची ईनक टेबट दातांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून बुटाचा तळ ठोकत होता. समोर चर्चच्या फाटकापाशी बाया हातात तवे घेऊन उभ्या होत्या. विनी चेटलने चर्चच्या मनोऱ्यातली घंटा वाजवली की गरम पॅनकेक तव्यात उडवत विहिरीपर्यंत पळायचं, ही आमच्या गावची दरवर्षीची मंगळवारची शर्यत. बुधवारपासून ईस्टरआधीचा उपासकाळ, म्हणून आदल्या दिवशी घरातली अंडी आणि लोणी संपवायचं. युद्धापासूनचं रेशन नुकतंच उठलं होतं, त्यामुळे त्या वर्षी बायांना भलताच उत्साह होता.

घंटा वाजली. एकच टोला, पण असा दणदणीत की दुकानाची काच थरथरली. बाया हसत सुटल्या पळत. ईनकच्या तोंडातल्या चुका मात्र मांडीवर सांडल्या.

विनीची घंटा अशी वाजत नसे. ती दोर हलकेच ओढायची आणि घंटा जागच्या जागी डुलत टण टण करायची. एवढा मोठा टोला पडायचा तर घंटा वर असायला हवी.

आणि ती, मनोऱ्यातली सगळ्यांत मोठी घंटा, वरच होती. रविवारी प्रार्थनेआधी आम्ही घंटा चाकावर पूर्ण फिरवून वाजवतो. त्यासाठी ती उलटी, तोंड आभाळाकडे करून, लाकडी टेकूवर उभी करतात. काम झालं की हळूहळू खाली उतरवायची. वर राहिलेल्या घंटेचा दोर कुणी नकळत ओढला, तर ती गर्रकन फिरते आणि दोर धरणाऱ्याला छताकडे खेचते. प्रत्येक नव्या माणसाला हे ईनकनेच दरडावून शिकवलेलं. त्या रविवारी बाकीच्यांनी आपापल्या घंटा उतरवल्या, तेव्हा तो म्हणाला होता, "मोठी मी उतरवतो, तुम्ही व्हा पुढे." मग त्याचा गुडघा ठणकायला लागला. घरी जेवण गार होत होतं. उद्या सरावाला यायचंच आहे, तेव्हा उतरवू, असं म्हणत त्याने दोर खुंटीला अडकवला. सोमवारी थंडीमुळे सराव झाला नाही, आणि घंटा त्याच्या डोक्यातून साफ गेली.

तो लंगडत धावला. विनी मनोऱ्याच्या फरशीवर बसली होती, उजवं मनगट मांडीवर घेऊन. तोंड पांढरंफटक पडलेलं. वरून दोर अजून उसळत होता.

"मी काय केलं रे?" ती म्हणाली. "नेहमीसारखाच तर ओढला."

"हातातून दोर निसटला असेल," ईनक म्हणाला.

त्याने हे ठरवून म्हटलं नव्हतं. पण मागोमाग माणसं आत आली, त्यांनीही तेच विचारलं, आणि त्याने तेच उत्तर पुन्हा दिलं. विनीला दवाखान्यात नेल्यावर तो वर चढला. टेकू मोडून दोन तुकडे झाला होता. त्याने नवा बसवला आणि मोडका कोटाखाली लपवून घरी आणला.

संध्याकाळी शाळेत पॅनकेकचं जेवण होतं. पाद्रीसाहेब, फेअरब्रास त्यांचं नाव, दरवर्षी जेवणाआधी तेच व्याख्यान द्यायचे आणि आम्ही दरवर्षी पाकाच्या भांड्याकडे बघत ते ऐकायचो.

"श्राइव्ह, आजच्या मंगळवाराच्या नावामागचा शब्द," ते फळ्यावर लिहीत म्हणाले. "एस, एच, आर, आय, व्ही, ई. जुन्या काळी सुरुवात एस, सी अशी करत. अर्थ काय?"

"पोटभर खाणे," मागून पर्सी वाज बोलला. पर्सी आमचा बेकरीवाला, आणि घंटा वाजवणाऱ्यांतला एक.

"पापाची कबुली ऐकून घेणे, पर्सी. तुझी ऐकायची तर मला रजा काढावी लागेल." लोक हसले. "मूळ शब्द लॅटिन, 'लिहिणे' या अर्थाचा. माणसाने पाप सांगायचं, पण ते झालं अर्धंच काम. मग भरपाई म्हणून त्याने काय करायचं ते पाद्रीने नेमून द्यायचं, जसं वैद्याने औषध लिहून द्यावं. नुसतं सांगून मोकळं होता येत नसे. ही घंटा लोकांना त्यासाठी बोलवायची. आता ती वाजली की आपण जेवायला येतो."

"घंटेवरून आठवलं," पर्सी म्हणाला. "विनीचं आता वय झालं. दोर आवरत नाही तिला. पुढच्या वर्षीपासून ईनककडे द्या की."

"बरोबर आहे," पाद्रीसाहेब म्हणाले. "टेबट, घ्याल ना?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ईनकने मान डोलावली.

ती घंटा आधी विनीच्या नवऱ्याची. तो गेल्यावर कुणी न सांगता तिने दोर हातात घेतला होता. वर्षातून एकदाच वाजवायची, पण त्या दिवशी ती चांगला कोट घालून यायची. एरवी कारखान्यातून बुटांचं कातडं घरी आणून शिवायची आणि त्यावर तिचं घर चालायचं.

विनीच्या हाताचं प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. ईनक तिच्याकडे कोळसा टाकून यायचा, कधी बायकोने केलेला केक न्यायचा.

"किती करतोस रे माझ्यासाठी," विनी एकदा म्हणाली. "घंटेचं पर्सीने सांगितलं. तुझ्याकडे गेली, बरं झालं. मी रात्रंदिवस आठवून बघते, माझं कुठे चुकलं ते. सापडत नाही. डोकंही चालेनासं झालं असेल."

ईनक उठून चालता झाला. थोड्या वेळाने परत आला आणि मोडक्या टेकूचे दोन्ही तुकडे तिच्या टेबलावर ठेवले.

घंटावाल्याच्या बायकोला ते काय आहे हे सांगावं लागलं नाही. तिने मोडलेली कड बोटाने चाचपली.

"वर होती?"

"हो. मीच ठेवली. विसरलो."

"आणि मी फरशीवर बसले होते तेव्हा तुला आठवलं होतं?"

"टोला ऐकला तेव्हाच आठवलं."

ईनकला रडू फुटलं. विनीने ते बघितलं आणि त्याला रडू दिलं.

"माफ कर मला, विनी."

"ते राहू दे. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे सांग. मी म्हातारी झाले म्हणाले ना, त्यांच्यापुढे." मग तिने कोपऱ्यातल्या कातड्याच्या ढिगाकडे हनुवटीने खूण केली. "आणि ते शिवायचं पडलंय. रोज येत जा. टाका वाकडा पडला तर उसवायला लावीन."

रविवारी त्याने उभं राहून सांगितलं. पाद्रीसाहेबांनी मनोऱ्याची किल्ली मागून घेतली. पर्सीने पुढे कित्येक महिने त्याला पाव दिला तो न बोलता. दुकान बंद करून ईनक रोज विनीच्या टेबलाशी शिवायला बसायचा. त्याचा हात चांगला होता, तरी ती एखादी शिवण उसवायला लावायचीच. तो मुकाट्याने उसवायचा.

पुढच्या वर्षीच्या मंगळवारी विनी चांगला कोट घालून आली. उजवा हात खिशात होता. किल्ली आता तिच्याकडेच असायची. ईनक मनोऱ्याच्या दाराशी उभा होता.

"घंटा खाली आहे, विनी," तो म्हणाला. "रविवारी मी शेवटपर्यंत थांबलो होतो. पर्सीनेच उतरवली, माझ्या डोळ्यांदेखत."

"बरं," विनी म्हणाली.

बाहेर बायांचे तवे तापले होते, कुणीतरी घाई करत होतं. विनीने कोटाचं बटण काढलं आणि डाव्या हाताने भिंत धरत, एकेक पायरी चढत, ती स्वतः बघायला वर गेली. ईनक टोपी हातात घेऊन खाली थांबला.