मालकांचं वय

शांताक्कानं चष्मा काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि उजव्या गालावर पहिल्या बाटलीतले दोन थेंब टेकवले. ते पाण्यासारखे ओघळायला लागले, तशी तिनं ते बोटानं वर ओढले, गालावरून कानाकडं, सुनेनं दाखवलं होतं तसं. मग बोट पदराला पुसून दुसऱ्या बाटलीचं बूच फिरवलं. हे दुधासारखं होतं, जरा चिकट. ते डाव्या गालाला. कपाळाला मात्र तिनं हात लावला नाही. पूजेची विभूती अजून ओली होती.

"अव्वा, अदलाबदल करू नका हं," भूमिकानं दारातून बजावलं. "उजवीकडं डॉक्टरांचं, डावीकडं दादाचं. न्हाईतर कुठलं लागू पडलं ते कळायचं न्हाई."

"ध्यानात हाय," शांताक्का म्हणाली.

डॉक्टरांचं म्हणजे राजारामपुरीतल्या कातडीच्या डॉक्टरांकडचं. भूमिका त्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला बसत असे. दादाचं म्हणजे तिच्या भावानं अमेरिकेहून येताना आणलेलं. दोन्ही बाटल्यांवर पेप्टाइड हा शब्द होता आणि भूमिकानं तो सासूला समजावून सांगितला होता. कातडी ज्याच्या जोरावर घट्ट राहते ते वयाबरोबर कमी होत जातं; हे थेंब कातडीला ते पुन्हा तयार करायला सांगतात. सांगितलं म्हणून कातडी ऐकते का, असं शांताक्कानं विचारलं. भूमिका म्हणाली, कंपन्या तरी तसं म्हणतात, आपण दोन्ही लावून बघू.

का लावायचं, हे मात्र दोघींपैकी कुणीच बोललं नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी शांताक्काच्या मुलानं, अमरेशनं, इचलकरंजीच्या आकाराम नावाच्या गिऱ्हाइकाला जेवायला घरी आणलं होतं. अमरेशचं शिरोली एमआयडीसीत वर्कशॉप होतं, आणि या माणसाचे माग होते. मागांचे सुटे भाग तो इथून करून घेणार होता. वयस्क, भला माणूस. अमरेश आत हातपाय धूत होता तेवढ्यात पाहुण्याचं लक्ष सोप्यातल्या हार घातलेल्या फोटोकडं गेलं. तो खुर्चीतून उठला, फोटोला हात जोडले आणि पाणी घेऊन आलेल्या शांताक्काला हळू आवाजात म्हणाला,

"थोरला का तुमचा? ऐन उमेदीत गेला की हो."

शांताक्का पाणी न देताच वळली. जखम अजून ओली आहे असं समजून त्यानं मान खाली घातली. ती भरला तांब्या घेऊनच आत आली. भूमिकानं सगळं ऐकलं होतं. तिनं तांब्या काढून घेतला आणि ताटं वाढायला लागली.

फोटोतले रुद्रय्या, शांताक्काचे मालक, एकोणतीस वर्षांचे होते. गुळाच्या अडतीवर बसायचे. एका उन्हाळ्यात कावीळ झाली आणि पावसाळा काही त्यांनी बघितला नाही. तेव्हा अमरेश रांगत होता आणि शांताक्का पंचवीस वर्षांची होती. फोटो त्याच्या आदल्या वर्षी काढलेला: स्टुडिओतला उसना कोट, चापून बसवलेले केस, ओठ मिटलेले. यंदा अमरेश फोटोतल्या बापाच्या वयाचा झाला होता. इतकी वर्षं रोज फोटोवरचा हार बदलताना शांताक्काला ते कधी खटकलं नव्हतं. वरचा माणूस आहे तिथंच थांबला आणि आपण खालून पुढं निघून आलो, हे तिला त्या दुपारी कळलं.

दोन-चार दिवसांनी तिनं सुनेच्या टेबलावरची बाटली उचलून विचारलं, हे म्हाताऱ्या बाईला चालतंय का. भूमिकानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, चालतंय की. म्हातारी कोण हाय इथं?

शेजारच्या अंबूबाईला एकदा खिडकीतल्या बाटल्या दिसल्या. ती शांताक्काला काही बोलली नाही. पण गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या भूमिकाला, आत ऐकू जाईल अशा बेतानं, तिनं विचारलं की मालक गेल्यावर ह्या वयात आता कुणाला दाखवायचंय. भूमिका फटकळ, ती काहीतरी ठणकावणार होती. शांताक्कानं आतून तिला हाक मारली आणि भाजी निवडायला बसवली. दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीऐवजी कपाटाच्या आरशापुढं उभी राहायला लागली. तिथं उजेड कमी होता, पण थेंब लावायला पुरेसा होता.

भूमिका अधूनमधून मोबाइलवर दोन्ही गालांचे फोटो घ्यायची आणि दवाखान्यात डॉक्टरांना दाखवायची. दिवाळी झाली, थंडी पडली. एका रविवारी डॉक्टरांनी शांताक्कालाच बोलावून घेतलं आणि भिंगातून दोन्ही बाजू बघितल्या. डावीकडच्या डोळ्याजवळच्या बारीक रेघा खरंच पुसट झाल्या होत्या. उजवीकडं फरक नव्हता, आणि डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यातल्या बाटलीबद्दलही ते सरळ सांगितलं. बारीक रेघा अशानं हलक्या होतात, खोल सुरकुत्या जात नाहीत, जास्त आशा धरू नका, असंही म्हणाले. घरी येताना रिक्षात भूमिका खूश होती. दादाचं जिंकलं, असं ती दोनदा म्हणाली.

संध्याकाळी मुलगा-सून बाहेर गेल्यावर शांताक्का सोप्यात फोटोसमोर उभी राहिली. दिवा असा होता की काचेत तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याशेजारी उमटायचा. तिनं उजवा गाल हातानं झाकला आणि नुसता डावा बघितला. पंचेचाळिशीची वाटत होती. फार तर त्यांची थोरली बहीण. मग डावा झाकला. या बाजूला आई होती. बायको कुठल्याच बाजूनं दिसेना.

सकाळी तिनं थेंब लावले नाहीत. दोन्ही बाटल्या पुसून सुनेच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. भूमिकानं विचारलं तर म्हणाली, बघून झालं बाई, आता तू वापर.

पुढच्या आठवड्यात तिनं फोटो भिंतीवरून उतरवला. ओल लागून डाग पडलेत, नीट करून आणते, असं तिनं अमरेशला सांगितलं. तो म्हणाला, मी नेतो की. ती नको म्हणाली. फोटो जुन्या पातळात गुंडाळून मांडीवर घेतला आणि रिक्षा करून एकटीच मंगळवार पेठेत गेली. तिथं राजवीर नावाचा एकजण कॉम्प्युटरवर जुने फोटो दुरुस्त करून द्यायचा. फाटलेले जोडायचा, काळेपांढरे रंगीत करायचा, कधीच एकत्र न बसलेल्या आजी-आजोबांना एका कोचावर बसवायचा.

त्यानं काच काढली, फोटो उजेडात धरला.

"फोटो झ्याक हाय की मावशी. डाग बी न्हाईत फारसे. रंगीत करू का?"

"न्हाय. वय द्यायचं हाय त्यांना."

राजवीरला नीट कळलं नाही. शांताक्कानं पुन्हा सांगितलं. हे आमचे मालक. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. आज असते तर जसे दिसले असते तसे करून पाहिजेत. राजवीर खुर्चीत मागं टेकला. लोक वय उतरवायला येतात, चढवायला कुणी आलं नव्हतं, असं तो म्हणाला. पण त्यात चेष्टा नव्हती. त्यानं मशीनवर फोटो चढवला आणि तिच्यासाठी स्टुलाऐवजी गादीची खुर्ची ओढली.

केसांचं काम लवकर झालं. आधी कानावरचे पांढरे झाले, मग कपाळ जरा मागं गेलं. तुमच्यात टक्कल असतंय का, त्यानं विचारलं. थोरल्या दिरांना होतं, धाकट्यांना नव्हतं, शांताक्कानं सांगितलं. मग त्यानं निम्मं ठेवलं. हनुवटीखाली थोडं मांस आलं. उसना कोट ढगळ होता, तो आता अंगाबरोबर बसला. शांताक्का चष्मा सारखा करून बघत होती आणि विचारलं तेवढ्याला उत्तर देत होती.

"आता सुरकुत्या," राजवीर म्हणाला. "कुठं घालू सांगा. हसऱ्या माणसाला डोळ्यांपाशी पडत्यात, तापट असला तर भुवयांच्या मधी. स्वभाव कसा होता काकांचा?"

शांताक्का पडद्यावरच्या चेहऱ्याकडं बघायला लागली.

तिला त्यांचं खाकरणं आठवत होतं, दारात चपला काढायची पद्धत आठवत होती. अंगाला येणारा गुळाचा वास आठवत होता. चार वर्षांचा संसार, तोही चौदा माणसांच्या घरात. दिवसभर ते अडतीवर. जेवायला पुरुषांच्या पंगतीत बसायचे तेव्हा ती पदर ओढून वाढायची आणि तिला दिसायचं ते त्यांचं ताट. सोप्यात पुरुषांच्या हसण्याचा आवाज व्हायचा. त्यात त्यांचं हसू कुठलं, ते तिला कधी वेगळं करता आलं नव्हतं. चेहरा म्हणून जो काही डोळ्यांपुढं येत होता तो या फोटोतला, ओठ मिटलेला. तो हलत नव्हता.

राजवीर माउसवर हात ठेवून वाट बघत होता. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"हसायचे," शांताक्का म्हणाली. "लई हसायचे."

राजवीरनं डोळ्याच्या कोपऱ्यापाशी एक बारीक रेघ ओढली. मग तिच्याखाली दुसरी. शांताक्कानं खुर्ची पुढं सरकवली, पार पडद्याजवळ.

"एवढ्या बास?"

"आणखी काढा," ती म्हणाली.