एका नंबरच्या दोघी

"अहो, हा नंबर तुमचा नाहीच. मंदाकिनी नावाच्या बाईंचा दाखवतोय," कामगार विम्याच्या दवाखान्यातला कारकून खिडकीतून म्हणाला.

भाग्यश्रीला काही सुधरेना. मागे बाकावर तिचा नवरा शंभू पोट आवळून दुमडला होता. आतड्याला पीळ पडलाय, आजच मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन व्हायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण विम्यातून तिकडे पाठवायचं तर भाग्यश्रीचं नाव तरी सापडायला हवं!

"साहेब, दर महिन्याला पगारातून विम्याचे पैसे कापतात. बघा ना!" तिने मोबाइलवरची पगाराची स्लिप पुढे धरली.

"कापत असतील. जमा कुणाच्या नावावर होतात, ते कधी पाहिलंत?"

नव्हतं पाहिलं. वाशीमहून आल्यापासून ती वाघोलीच्या एका गोदामात पॅकिंग करत होती. स्लिप आली की तळाचा आकडा बघायचा नि मोबाइल बंद करायचा, एवढंच तिला ठाऊक.

शंभूला सलाईन लावलं, तशी ती रिक्षाने गोदामाकडे धावली. पगाराचं काम बघणारी श्रद्धा कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाली, "सिस्टीममध्ये तर एरर दिसत नाहीये, ताई. मेल टाका. आठवड्याभरात रिप्लाय येईल."

"आठवडा? माझा माणूस मरायला टेकलाय, मॅडम!"

"मग प्रूफ आणा काहीतरी."

भाग्यश्री बाहेर आली. मंदाकिनी... आपल्याच लाइनवर खोक्यांना टेप लावणाऱ्या, खडकीच्या मंदाताई? ती पळतच आत शिरली. मंदाताईंनी चष्मा चढवून आपली स्लिप उघडली. दोन्ही मोबाइल शेजारी धरले. विम्याचा नंबर एकच!

मंदाताईंनी टेप तिथेच टाकली आणि तडक श्रद्धाचं टेबल गाठलं. "दोन बायका, एक नंबर. आम्ही जुळ्या दिसतो का गं तुला?"

श्रद्धाचा चेहरा उतरला. "भरताना... चुकून कॉपी झालंय बहुतेक."

"झालं असेल. आता दवाखान्याला तसं पत्र लिही, साहेबांची सही घे. तोवर आम्ही इथून हलत नाही."

पत्र हातात पडून शंभूला हलवेपर्यंत दिवस कलला होता. आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापून काढावा लागला. "थोडं आधी आणलं असतं तर..." म्हणून डॉक्टर थांबले. पुढचं भाग्यश्रीने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंचा फोन आला. सगळ्या बायका स्लिपा उघडून बसल्या होत्या. आणखी दोघींचे नंबर चुकीचे निघाले होते.

"ताई, हे अजून डोळे उघडत नाहीयेत," भाग्यश्री म्हणाली.

संध्याकाळी शंभूने डोळे उघडले, पाणी मागितलं. पाणी द्यायची परवानगी नव्हती. भाग्यश्रीने कापूस भिजवला आणि त्याच्या सुकलेल्या ओठांवर टेकवला.