चंद्राची राख आणि सुनंदाचे डोळे

नऊ वर्षांची सुनंदा ओट्यावरच्या पाटावर बसवलेली होती. गळ्यात झेंडूचा हार, कपाळभर बुक्का आणि टक्क उघडे डोळे. दुधावर साय धरावी तशी दोन्ही बुबुळं पांढरी झालेली. समोर पारोळ्यापासूनची दोन-अडीचशे माणसं उन्हात रांग लावून उभी होती.

"चंद्रकन्या की जय!" सोमगिरी महाराजांचा चेला तोताराम ओरडला. "पोरीच्या डोळ्यांत साक्षात चंद्र उतरलाय! दर्शन घ्या, पुढे सरका!"

"माय, मना गुडघाकडे देख ना जराशी," एक म्हातारा तिच्या पायाशी वाकला.

"देखस ना ती! बठ्ठं देखस!" मागून एका बाईने त्याला ढकललं. "तुम्ही पुढे चाला, आबा."

सुनंदा म्हाताऱ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती. भिंतीकडेही नाही.

ओट्याच्या कडेला तिचा बाप झिपरू हात जोडून उभा होता. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, बॉयलरवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घालणारा हा माणूस. आजवर त्याला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. आज लोक त्याच्याही पाया पडत होते. "झिपरूभाऊ, नशीबवान शेस तू!" आणि त्या मूर्खाची छाती फुगत होती.

हे सगळं सुरू झालं एका फोटोपासून.

दोन वर्षांपूर्वी माणूस चंद्रावर उतरला. तिथल्या भुकटीसारख्या मातीत बुटाचा ठसा उमटला, त्याचा फोटो जगभर छापला गेला. सोमगिरी नावाच्या भामट्याने तो कुठल्याशा रंगीत मासिकातून कापला, काचेत बसवला, वर हळदकुंकू वाहिलं आणि या गावच्या धर्मशाळेत मुक्काम ठोकला. डोळ्यांवर काळा चष्मा. का, तर आतलं तेज भक्तांना सोसायचं नाही!

"गोरे लोक आज गेले!" महाराज गरजायचे. "आमचे गुरुदेव आधीच जाऊन आले. अमेरिकावाला उतरतो, बघतो, तर पाऊल हजर! घाबरला बिचारा. म्हणून त्याने फोटो काढला!"

"पन महाराज," गावातल्या उखर्डूने विचारलं, "पायले बोटं कसा नहीत?"

"पापी नजरेला बोटं दिसत नाहीत, बेटा."

झालं. निम्म्या गावाला लगेच बोटं दिसली. एका बाईला तर करंगळीचं नखसुद्धा दिसलं. बुटाच्या तळव्यावरच्या आडव्या पट्ट्या होत्या, त्यांत लोकांनी शेषनागाची वेटोळी ओळखली.

त्यात एकाहत्तरच्या उन्हाळ्यात डोळ्यांची साथ आली. घरोघर लाल डोळे, चिकटलेल्या पापण्या. महाराजांनी संधी साधली. गोऱ्यांनी बुटाने चंद्र तुडवला, चंद्र कोपला, म्हणून डोळे आले. उतारा एकच, गुरुदेवांनी चंद्रावरून आणलेली राख. चंद्र शीतल, म्हणून राख शीतल. सात दिवस, रोज सकाळी, पापणी उलटून चिमूटभर. पोर रडलं तर समजा रोग बाहेर पडतोय.

साथीत आलेले डोळे आठवड्याभरात आपोआप बरे होतात. राख लावा नाहीतर शेण लावा. ज्यांनी भीत भीत पापणीवर बोट फिरवलं, ते बरे झाले आणि नारळ घेऊन धावले. झिपरूची भक्ती मात्र सच्ची. बायकोने, बेबाबाईने, पोरीचे हात धरले, त्याने पापण्या उलटल्या. सातही दिवस. पोर गुरासारखी ओरडायची. मग एका सकाळी ओरडायची थांबली, आणि बुबुळं पांढरी दिसली.

"चांदणं उतरलं!" महाराज म्हणाले.

दर्शनाच्या दुसऱ्या दिवशी बेबाबाईने सुनंदापुढे पाण्याचा पेला धरला. पोरीने हात पुढे केला तो पेल्याच्या वीतभर बाजूला.

"माय, माले काहीच दिखत नही."

बेबाबाईने हार तोडून फेकला, पोरीला कडेवर उचललं आणि धुळ्याची एस.टी. गाठली. झिपरू शिव्या देत मागून चढला.

धुळ्याचे डॉक्टर निर्मलकुमार हे व्यापाऱ्याच्या घरातले, बोलायला कोरडे. त्यांनी पापणी उलटली, चिमट्याने तिथला एक काळा कण काढला आणि भिंगाखाली ठेवला.

"डोळ्यांत काय घातलंत?"

"चंद्रनी राख," झिपरू म्हणाला.

"या इकडे. बघा."

झिपरूने भिंगातून पाहिलं. जळकं टरफल होतं. आठ वर्षं तो रोज ज्याच्या ढिगात उभा राहायचा, ते.

"सरकी," त्याच्या तोंडून निघालं.

"चंद्रावर कापूस पिकतो का हो?"

डॉक्टरांनी तो कण झिपरूच्या तळहातावर ठेवला.

"पऱ्हाटीच्या राखेत खार असतो. तुमच्याकडे बाया त्यानेच भांडी घासतात. तुम्ही पोरीची बुबुळं घासलीत."

"दिखी का तिले?" बेबाबाईने विचारलं.

"एका डोळ्याला उजेड-अंधार कळला तर नशीब. तिसऱ्या दिवशी आणली असती तर डोळे वाचवले असते."

पोरीला दवाखान्यात ठेवून दोघं परतले. झिपरू सरळ जिनिंगमागच्या उकिरड्यावर गेला. तोताराम तिथे चाळणीने राख चाळत होता. झिपरूने त्याची मानगूट धरली, राखेचं पोतं त्याच्याच डोक्यावर दिलं आणि भर दुपारी धर्मशाळेत आणून ओतायला लावलं. लोक बघत राहिले. मग बॉयलरवर काम करताना पायात घालायचा आपला पट्टेदार तळव्याचा बूट त्याने त्या राखेत दाबला आणि उचलला.

काचेतला फोटो आणि राखेतला ठसा. पट्टीला पट्टी.

"देखा!" झिपरू ओरडला. "मी बी चंद्रवर जाई उनू! मना बॉयलरनी राख शे ही! मीच उपसेल शे!"

महाराज गडबडले नाहीत. भामटे गडबडत नाहीत. "राख इथलीच, बेटा. मंत्राने ती चंद्राची होते."

बेबाबाईने मूठ भरली. "मंत्र मारा. आनि घाला तुमना डोयामा."

महाराज मागे सरकले.

"घाला ना! शीतल शे ना?"

तिने चष्मा ओढला. डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. उखर्डूने झोळी उलटी केली, तर धुळ्याच्या दुकानातली डोळ्यांच्या मलमाची नळी खाली पडली. निम्मी वापरलेली.

महाराज भिंतीवरून उडी टाकून पळाले. महिन्याभरात नशिराबादकडे उगवले म्हणतात, नवं नाव, नवी दाढी. या गावातही आठ-दहा जण अजून सांगतात, "आमाले गुन पडना व्हता." पडणारच होता, गाढवांनो!

सुनंदा आता घरी आहे. झिपरू जवळ आला की ती दोन्ही हातांनी डोळे झाकते. डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्यांना दुखणं उरलेलं नाही. भीती उरलीय. बाप लांबूनच ताट सरकवतो.

चंद्रापर्यंत माणूस गणित करून गेला. ज्या माणसांनी तो फोटो काढला त्यांनी कुणाला नवस बोलला नव्हता. तो फोटो पाहून एका तरी पोराने विचारायला हवं होतं, बूट कसा बनवला, कॅमेरा कसा नेला. आम्ही त्याला कुंकू लावलं. डोळे आले तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. कुणी औषध म्हणून काही दिलं, तर विचारा, हे आलं कुठून? उत्तर मिळेपर्यंत पोराच्या पापणीला हात लावू नका.