एक काना कमी

एकविसाव्या मिनिटाला सुरभीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि वहीत लिहिलं, 'अकरा सेकंद शांतता. फाइली जोडताना झालेली चूक?' क्षणभर विचार करून तिनं ते प्रश्नचिन्ह खोडलं.

ही तिची तिसरी फेरी होती. तिचा नेमच होता तसा. कुठलाही अल्बम तीनदा ऐकायचा, हेडफोन लावूनच ऐकायचा, आणि लिहून होईपर्यंत त्याच्याविषयी एक अक्षरही वाचायचं नाही. कलाकार कोण, कुठला, त्याला काय म्हणायचंय हे आधी कळलं की कान मिंधे होतात, असं तिचं मत होतं. आठवडाभर ती रोह्याच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. रविवारी वरसे गावातल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून 'कानोसा' नावाच्या एका मराठी संकेतस्थळासाठी परीक्षणं लिहायची, तीही अशा संगीताची, ज्याला तिची आई संगीत म्हणायला तयार नव्हती. कुणी महिनाभर स्वतःचा फ्रिज ध्वनिमुद्रित केलेला असायचा, कुणी गोठलेल्या तळ्याखाली मायक्रोफोन सोडलेला, कुणी एकच सूर पाऊण तास ताणून धरलेला. जगात असले लोक आहेत आणि त्यांचे उद्योग वरशापर्यंत पोचतात, याचं सुरभीला अजूनही अप्रूप होतं. वाचणारे फार तर दोनशे असतील. पण त्या दोनशेंत 'सु. शि.' या सहीचा दरारा होता, आणि तो तिला आवडायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

संपादिका मृणालीनं या वेळी पाठवलेला अल्बम चौतीस मिनिटांचा होता, एकच सलग तुकडा. मुखपृष्ठ काळं. त्यावर रोमन लिपीत फक्त नाव: के, एच, ए, एन, डी. सुरभीनं ते 'खंड' असं वाचलं आणि पुढे निघाली.

अल्बम तसा वाईट नव्हता. सुरुवातीला खोल कुठेतरी एक घरघर, बहुधा मोठ्या यंत्राची. तिच्यावर पाण्याची चुळचुळ. मग दोन्ही एकमेकांत अशी मुरत जायची की कुठला आवाज कशाचा ते सांगता येत नसे. विसाव्या मिनिटाला माणसं यायची. त्यांचे आवाज इतके लांबवलेले होते की त्यात शब्द उरलाच नव्हता, नुसता स्वर होता. एक संपला की दुसरा, जरा पुढून, मग तिसरा, आणखी पुढून. असे सात. मग ते अकरा सेकंद. आणि मग एका बाईचा आवाज. त्या आवाजाला तिन्ही वेळा सुरभीचा हात हेडफोन काढायला कानाकडे गेला. का, ते तिला कळेना. आणि का ते कळलं नाही की तिची लेखणी तिखट व्हायची.

तिनं लिहिलं, 'नाव खंड, पण खंड पडतो तो मात्र चुकून. शांततेनंतर येणारा बाईचा आवाज तर सरळसरळ बनावट वाटतो. श्रोत्याला फसवणं इतकं सोपं नसतं.'

शेवटच्या वाक्यावर ती खूश होती. संध्याकाळी परीक्षण प्रसिद्ध झालं.

मंगळवारी दुपारी ती कॉलेजातून घरी आली तेव्हा आई गॅलरीत सुपात जवळ्याची सुकी मासळी निवडत बसली होती. सुरभीनं पंखा लावला, पाणी प्यायली आणि फोन पाहिला. मृणालीनं कलाकाराचं उत्तर जसंच्या तसं पुढे पाठवलं होतं, आणि आता तरी अल्बमसोबतची टीप वाच, अशी खाली जरा त्रासिक सूचना होती.

उत्तर चार ओळींचं होतं. 'परीक्षणाबद्दल आभार. नाव खंड नाही, खांड आहे. एक काना कमी पडला. तो आवाज बनावट नाही, माझ्या आईचा आहे. बाकी मत तुमचं. धनेश.'

सुरभीनं तो शब्द पुटपुटत पुन्हा वाचला.

दुसऱ्या कुणाला हा शब्द माहीत नसता तर चाललं असतं. पेणकडच्या खाडीकाठी भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घातलेला असतो. त्याला भगदाड पडलं की ती खांड. बांध फुटला असं तिथं कुणी म्हणत नाही. खांड गेली, म्हणतात. सुरभीचा जन्म त्याच बांधाच्या आतल्या गावातला. कुणी झोपेत विचारलं असतं तरी तिला सांगता आलं असतं. पण रोमन लिपीतला शब्द समोर आला आणि तिनं तो शिकल्यासवरल्या बाईसारखा वाचला.

तिनं टीप उघडली. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर शिफ्ट करणाऱ्या धनेशनं दोन वर्षं सुटीच्या दिवशी मायक्रोफोन घेऊन बांधावर फिरून हे जमवलं होतं. घरघर कारखान्याची होती, पाणी खाडीचं. माणसांच्या आवाजाबद्दल एवढंच लिहिलं होतं: 'आमच्या गावात खांड गेली की घराघरातून हाक पुढे जायची. जुन्या माणसांना त्यांच्या त्यांच्या अंगणात उभं करून ती हाक पुन्हा घेतली आहे. आठवं घर आता बंद आहे. त्याची जागा रिकामी ठेवली आहे.'

आठवं घर सुरभीचं होतं. नववं इंदुबाईचं. धनेश इंदुबाईचा मुलगा.

गावात घरं बांधाच्या कडेनं एका रांगेत होती, एकूण एकतीस. खांड जाताना जो बघेल त्यानं ओरडायचं, पहिल्या घरानं ते उचलायचं आणि पुढच्याला द्यायचं. मयत झालेल्या घरानंही हाक अडवायची नाही, असा रिवाज होता. हाक शेवटपर्यंत गेली की माणसं फावडी, घमेली आणि पेंढ्याचे भारे घेऊन धावायची. खांड लहान आहे तोवर चिखलानं बुजवता येते. एकदा का रुंदावली की मग गाव नुसतं बघत राहतं.

सुरभी सोळा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. अमावास्येची भरती, भर दुपार. भात पोटरीला आलेलं. वडील, शिवा, मिठागरावर गेले होते, आई पेणच्या बाजारात. घरी सुरभी एकटी. वडिलांचे मित्र मुरादकाका कुवेतहून आले होते आणि त्यांनी तिला गाणी ऐकायचं एक छोटंसं यंत्र दिलं होतं, कानात घालायच्या बोंडांसकट. ती बोंडं घालून, डोळे मिटून ती ओटीवर पडली होती. सातव्या घरानं हाक दिली. आठव्यानं ती ऐकली नाही. सात घरांतली माणसं खांडीशी झगडत राहिली आणि पुढची तेवीस घरं जेवून वामकुक्षी घेत होती.

ती उठली तेव्हा पाणी अंगणाच्या पायरीला लागलं होतं.

पुढची तीन वर्षं शेतात काही पिकलं नाही. माणूस कुणी गेलं नाही, पण गावाला कुणाला तरी जाब विचारायचा होता. बैठकीत इंदुबाई म्हणाली, आमच्याकडे हाक आलीच नाही. सुरभीच्या आईनं घरी येऊन लेकीला विचारलं, तू हाक दिलीस ना? सुरभीनं मान हलवली. तेवढंच. आई परत गेली आणि चारचौघांत इंदुबाईला खोटारडी म्हणाली, माझी पोर खोटं बोलणार नाही म्हणाली. गावानं आईचं ऐकलं. दोन वर्षं इंदुबाईच्या घरची लाकडं होळीला घेतली नाहीत. सुरभीच्या वडिलांनी शेवटी रोह्याला नोकरी धरली, बिऱ्हाड वरशाला आलं, चार वर्षांपूर्वी वडील वारले. हाक कुठं अडली हे जाताना त्यांनाही ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं सुरभी एकटीच ते सांभाळून होती. आणि परवा तिनं इंदुबाईला दुसऱ्यांदा खोटं ठरवलं होतं, तेही खाली सही करून.

लाज वाटली, आणि लाजेच्याही आधी भीती वाटली. धनेशला माहीत असेल का? 'बंद आहे' हे त्यानं साधेपणानं लिहिलं होतं की नाही, हे त्या दोन ओळींवरून कळायला मार्ग नव्हता. तिनं त्या पाचसहा वेळा वाचल्या. मग लॅपटॉप उघडला, हेडफोनची वायर काढली आणि विसाव्या मिनिटापासून अल्बम लावला. या वेळी कानात काही न घालता.

खोलीत ते आवाज वेगळेच वाटले. दुरून आल्यासारखे.

गॅलरीतलं सुपाचं फटफटणं थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली, हाताला जवळ्याची भुकटी.

"काय लावलंस गो?"

सुरभीनं आवाज वाढवला. आईनं मान कलती केली.

"ही तं हाक हाय."

शब्द कळतात का, असं सुरभीनं विचारलं. आई म्हणाली, शब्द कधी कळायचे? लांबून ती अशीच ऐकू यायची, शब्द वाऱ्यावर जायचे, नुसता सूर पोचायचा. सुरभीनं ज्याला करामत समजून एक परिच्छेद खर्च केला होता, ती करामत नव्हतीच. त्या पोरानं फक्त अंतर धरलं होतं.

आई खाली बसली आणि बोटांवर घरं मोजू लागली. पुलाजवळची हुस्नबानो तिनं लगेच ओळखली, तिच्या खोकल्यावरून. पुढची दोन ओळखली नाहीत, ती माणसं म्हातारी झाली असतील म्हणाली. सहावं. सातवं. आईचा अंगठा आठव्या पेरावर गेला आणि तिथं थांबला. खोलीत नुसता पंखा फिरत होता. सातही हाका मनात मोजून झाल्यावर आता सुरभीला कळलं, प्रत्येक हाक अकरा सेकंदांचीच होती.

मग इंदुबाईचा आवाज आला. आईचा चेहरा ओढला गेला.

"आता बरी हाक देतंय. तवा नाय दिली."

सुरभीनं अल्बम थांबवला. आई त्या अल्बमच्या काळ्या चौकोनाकडे बघत होती. मग तिची तीच समजुतीनं म्हणाली,

"आपलं घर बंद हाय ना आता. म्हून गप ठेवलं आसंल."

सगळं कसं सोपं होतं. टिपेतही तेच लिहिलेलं होतं. सुरभीनं एकदा मान हलवायची होती, पूर्वी हलवली होती तशी, आणि आई उठून जवळ्याकडे गेली असती.

"तवा पन गपच होतं, आई," सुरभी म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून गावची भाषा आली. "मुरादकाकानं दिलेलं कानात होतं माझ्या. मी हाक आयकलीच नाय."

आईनं तिच्याकडे बघितलं, टेबलावरच्या हेडफोनकडे बघितलं, आणि उठून गॅलरीत गेली. सूप पुन्हा फटफटू लागलं. सुरभी दारापर्यंत गेली तेव्हा तिला दिसलं, आई निवडलेला जवळा मुठीमुठीनं न निवडलेल्यात टाकत होती. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"होळीची लाकडं," आई म्हणाली, "तिच्या दारात मीच नेऊन टाकली व्हती परत. ती दारात उभी व्हती."

सुरभीला तिथं उभं राहवेना. आत येऊन तिनं परीक्षण उघडलं. 'खंड' या शब्दाला काना दिला. बनावट हा शब्द काढला, मग ते वाक्य काढलं, मग सगळंच काढून टाकलं. मृणालीला कळवलं की परीक्षण मागे घेते आहे, कारण नंतर सांगेन. आणि धनेशला पत्र लिहायला घेतलं. चूक झाली, असं सुरू केलं. कुठली चूक, ते लिहिताना हात थांबत होता, तरी लिहिलं. ओटी, दुपार, कानातली बोंडं, हलवलेली मान. हे तुझ्या आईला वाचून दाखव, असं शेवटी लिहिलं आणि सवयीनं खाली 'सु. शि.' घातलं.

आई पाठीशी कधी येऊन उभी राहिली, ते तिला कळलं नाही. आईला वाचायला वेळ लागायचा. तिनं सगळं वाचलं, ओठ हलवत, आणि शेवटच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. बोटाची भुकटी पडद्याला लागली.

"ह्ये कोन?"

"मी. असंच लिहिते मी."

"इंदूला काय कळंल त्याच्यातून?" आई म्हणाली. "नाव लिव. आख्खं."

सुरभीनं दोन अक्षरं खोडली. 'सुरभी शिवा म्हात्रे,' तिनं लिहिलं. आई हलली नाही. तेव्हा सुरभीनं खालच्या ओळीवर जाऊन आणखी दोन शब्द लिहिले.

'आठवं घर.'