शिवेखालचा कोळसा

ज्वारी हुरड्यात आली होती, तेव्हाची गोष्ट. परभणीच्या बाजूनं चार माणसं मोजणीची साखळी ओढत आली, ओढ्याकाठी थांबली आणि तांबडं फडकं बांधलेला बांबू रोवून गेली. ते फडकं सत्यशीलेनं आपल्या रानाच्या बांधावरून पाहिलं. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्षही धड झालं नव्हतं. खडी फोडून हाताला पडलेले घट्टे अजून तसेच होते, तोवर हे नवं. शहरात कचेऱ्या वाढल्या, बाबू वाढले, बाबूंना राहायला घरं हवीत, आणि घरं काही आभाळात बांधता येत नाहीत.

हुकूम साधा होता. परभणीच्या शिवारातली ओढ्याकडची रानं नव्या वसाहतीत जाणार, शेजारच्या टेंभुरवाडीच्या शिवारातली राहणार. सत्यशीलेचं तीन एकर रान बरोबर मधे. त्याच्या शहराकडच्या अंगाला ओढा, गावाकडच्या अंगाला जुनी बाभूळ, आणि बाभळीपलीकडे व्यंकटरावाचं शेत. दोन गावांची शिव ओढ्यावर धरली तर रान वाचलं. बाभळीवर धरली तर गेलं. निजामाच्या वेळचा नकाशा सगळीकडे धड होता, पण लबाड नेमका या घडीवर फाटला होता.

शिव कुठून जाते हे ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता, तिचा सासरा सटवाजी. पूर्वी शिवेचा तंटा पडला की यांच्याच घरचा माणूस डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचा आणि तो चालेल ती शिव ठरायची. खोटा चालला तर त्याचा निर्वंश होतो असं गाव मानायचं. धम्मदीक्षा घेतल्यावर सटवाजीनं गावकीची काठी चावडीवर नेऊन ठेवली आणि ढेकळाचं नावही टाकलं. म्हणून मोजणीच्या साहेबाचं बोलावणं आलं तेव्हा त्यानं आधीच सांगितलं, की येतो, पण साक्षीदार म्हणून येतो. डोक्यावर काही घेणार नाही आणि पायात चपला घालून चालीन. साहेब भला होता, त्यानं मान डोलावली. म्हातारा चार दिवस त्याच आनंदात होता. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी त्याचा नुसता शब्द मागत होतं.

आणि शब्द तो खराच देणार होता, तिथंच तर सत्यशीलेचा जीव अडकला होता. नवरा पंडित पाथरीकडे कालव्याच्या खोदकामावर, पंधरा दिवसांनी यायचा, तोवर सगळा निकाल लागलेला असणार. रान गेलं तर ती, तिची लेक आणि हा म्हातारा पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर. तिनं विनवून पाहिलं.

"मामंजी, वढ्यावर हाय म्हना. कोन इचारायलंय?"

"माह्या बापानं तहसीलदाराला शिव चालून दावली," सटवाजी शांतपणे म्हणाला. "ढेकळाला भिऊन खरं चालला न्हाई तो. खरं हुतं म्हून चालला. आन् शिवेची खूनबी हाय, बाई. बाभळीपसून सात पावलं, हातभर खाली. कोळसा आन् खापऱ्या पुरल्यात. कोळसा सडत न्हाई."

हे त्यानं सांगायला नको होतं.

मोजणीच्या आदल्या दिवशी भर दुपारी, सगळं शिवार जेवायला बसलं असताना, ती कुदळ घेऊन ज्वारीत शिरली. सात पावलं मोजताना तीनदा चुकली. हातभर खाली आधी खापरी लागली, मग कोळसा. तिच्या आजेसासऱ्याच्याही आधी कुणीतरी पुरलेला तो कोळसा कालच चुलीतून काढल्यासारखा होता. तिनं तो ओटीत भरला, आणि तेवढ्यात शेळीची घंटी वाजली. धनगरवाड्यावरची भिवराबाई बांधावर उभी होती.

"काय उकरायलीस गं भर उनाचं?"

"उंदराचं बीळ."

भिवराबाईनं तिचे काळे हात पाहिले, फुगलेली ओटी पाहिली आणि शेळ्या पुढे हाकल्या.  खड्डा बुजवून सत्यशीला ओढ्याकडे पळाली, तिथल्या एका चपट्या धोंड्याखाली हातभर उकरून तिनं ओटी रिकामी केली. वर पाणी ओतलं, माती तुडवली, पाचोळा पसरला. संध्याकाळी तिनं आपली भाकरी तशीच झाकून ठेवली. सासऱ्यानं दोनदा विचारलं, बरं न्हाई का म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेब आला, त्याचे दोन गडी आले, पंच आले. व्यंकटरावही पंच होता. सटवाजी धुतलेलं धोतर नेसून, चपला घालून ताठ चालला. बाभळीपाशी थांबला, सात पावलं टाकली आणि म्हणाला, "हितं."

गड्यांनी हातभर खोदलं. कंबरभर खोदलं. काही नव्हतं. सटवाजी खड्ड्यात वाकून पाहत राहिला. मग त्यानं मान वर केली आणि सुनेकडे पाहिलं, तोंडाकडे नाही, हातांकडे. नखांतली काजळी काही केल्या निघाली नव्हती. तिनं हात पदराखाली घेतले. पण आता मागं फिरायची सोय नव्हती.

"मामंजी कवाकवा वढ्यापशीबी सांगायचे," ती म्हणाली.  "त्या चपट्या धोंड्यापशी."

व्यंकटराव हसला. सगळी माणसं ओढ्याकडे निघाली. पलीकडच्या काठावर भिवराबाईच्या शेळ्या चरत होत्या आणि ती काठीवर हनुवटी टेकून इकडेच बघत होती. तिनं एक शब्द टाकला असता तरी खेळ खलास होता. गड्यानं कुदळीचे दोन घाव घातले आणि तो थांबला.

"साहेब, माती लय भुसभुशीत लागायलीय. कोनी उकरल्यावानी."

साहेबानं वाकून माती चिमटीत घेतली. सत्यशीलेनं पलीकडच्या काठाकडे पाहिलं. आता भिवराबाई बोलेल, आता साहेब विचारील, आता बेड्या.

"खेकडे हायेत तितं," सटवाजी म्हणाला. "वढ्याकाठची माती आशीच ऱ्हाती."

त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खोटं. कोळसा निघाला, खापऱ्या निघाल्या. साहेबानं त्याला विचारलं, की मग बाबा, शिव ओढ्यावर धरायची ना?

"धरा. म्हाताऱ्याची याद गेली, आसं लिवा."

साहेबानं ते तसंच लिहून घेतलं. रान वाचलं.

घरी सटवाजी तिला एका शब्दानं बोलला नाही. तो चिडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.  चपला त्यानं वळचणीला खोचल्या, त्या पुन्हा काढल्या नाहीत. गावातली टवाळ पोरं विचारायची, आजोबा, तुमचं घर तरी सापडतं ना? तो हसायचा.

तीन वर्षांत ओढ्यापलीकडे विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. जमिनीला भाव चढला तसा व्यंकटरावही आपल्या शेतात प्लॉट पाडायला लागला. एके दिवशी त्यानं बाभूळ तोडली. मग मधला बांध नांगरून टाकला आणि चाळीस पावलं आत सत्यशीलेच्या रानात नवा बांध घातला. तिनं अर्ज केला. नवा साहेब आला, त्यानं विचारलं, तुमचा बांध कुठं होता, खूण काय?

"हितं बाभळ हुती," ती म्हणाली. "तिच्यापसून सात पावलं आमचा बांध. तीच जुनी शिव..." आणि तिनं वाक्य तिथंच तोडलं.

"साहेब, जुना पंचनामा वाचा की," व्यंकटराव गोड आवाजात म्हणाला. त्याला तो पाठच होता.

साहेबानं कागद काढून मोठ्यानं वाचलं. सदर ठिकाणी कंबरभर खोदून पाहिले. कोळसा, खापरी अगर अन्य खूण आढळली नाही. साक्षीदार सटवाजी याची स्मरणशक्ती भरवशाची नाही.

सत्यशीलेला एकदम सगळं दिसलं. खरं सांगितलं तर शिव पुन्हा बाभळीवर येणार, तिन्ही एकर शहरात जाणार आणि वर तुरुंग. गप्प बसलं तर यंदा चाळीस पावलं, पुढच्या साली आणखी चाळीस. तिनं सासऱ्याकडे पाहिलं. तो अनवाणी उभा होता, नांगरलेल्या मातीत जिथं सातवं पाऊल पडलं असतं, बरोबर त्या जागेवर. तो जागा दाखवत होता, आणि त्याला विचारायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

"बाई, काही सांगायचंय?" साहेबानं पेन उघडून विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

साहेबानं तेही लिहून घेतलं, आणि व्यंकटरावाचे गडी चाळिसाव्या पावलावर धोंडा रोवायला लागले.