मागचे डबे

वीबे न सांगता भांडी घासायला उठला, तेव्हा निंकेच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

म्युनिकच्या हॉस्टेलातलं स्वयंपाकघर होतं. पास्ता संपला होता, तळाशी करपलेलं पातेलं उरलं होतं, आणि घर सोडल्यापासूनच्या रिवाजाप्रमाणे ते कोणी घासायचं यावर आता भांडण व्हायला हवं होतं. वीबे त्यात पटाईत. कोलोनला त्याने बोट भाजल्याचं सोंग केलं होतं, आणि ते सोंग दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच बोटावर गेलं होतं. आज मात्र हा बाबा बाह्या सरसावून नळापाशी उभा.

"तू बस निंके. दमली असशील," तो म्हणाला.

निंकेने दिवसभर दमण्यासारखं काहीही केलं नव्हतं.

वीबे हा निंकेच्या बालमैत्रिणीच्या, रेन्स्केच्या, कोर्फबॉलच्या संघातला; मुलामुलींनी मिळून टोपलीत चेंडू टाकायचा तो खेळ. खरं तर हा प्रवास दोघींचाच ठरला होता. शाळेची शेवटची परीक्षा पास झालो की पाठीवर पिशव्या टाकायच्या, रेल्वेचा पास काढायचा आणि महिनाभर गाड्या नेतील तिकडे जायचं. स्नेक गावात त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी हेच केलेलं. वीबे निघायच्या आठवड्यात घुसला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं निंकेचं मत होतं, आणि ते तिने फारसं लपवलंही नव्हतं.

पण साल्झबुर्गला रेन्स्केनेही कमाल केली. आठ खाटांच्या त्या खोलीत खालची एकच खाट मोकळी होती. रेन्स्के वर झोपायला घाबरते. खालच्या खाटेसाठी ती सख्ख्या आईशीही भांडेल. तिने मुकाट्याने आपली पिशवी वर फेकली.

"तू झोप गं खाली. तुला आवडतं ना."

निंकेला खाली आवडतं हे रेन्स्केला बालवाडीपासून माहीत होतं, आणि बालवाडीपासून तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. माणसं उगीच चांगली वागत नाहीत. एखादी वाईट गोष्ट आधीच करून बसलेली असली की वागतात.

आधी निंकेला वाटलं, या दोघांचं जुळलंय. ते तिने गिळलं असतं, दोन दिवस तोंड वाकडं करून का होईना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपडे धुवायच्या खोलीकडे मोजे घेऊन गेली, तर यंत्रांच्या घरघरीतून वीबेचा आवाज आला. "सांगून टाक ना तिला."

"आत्ता नको," रेन्स्के म्हणाली. "सगळ्या प्रवासाची माती होईल."

निंके मळके मोजे तसेच हातात घेऊन परतली. प्रेमाबिमाचं नव्हतंच हे. हे खोलीचं होतं.

सप्टेंबरात दोघींचं ग्रोनिंगनला कॉलेज सुरू होणार होतं. त्या गावात जागा मिळणं म्हणजे वाघिणीचं दूध मिळवण्यापैकी. घरमालकाला भेटून काही होत नाही. घरात आधीपासून राहणारी पोरंच ठरवतात, आपल्यात कोणाला घ्यायचं. ती तुम्हाला बोलावतात, चहा पाजतात, शंभर प्रश्न विचारतात आणि तुमची पाठ वळली की मत टाकतात. दाखवण्याचा कार्यक्रमच तो, फक्त पोहे त्यांच्याकडचे. कालव्याकाठच्या एका घरात दोन खोल्या रिकाम्या होणार होत्या. दोघींनी शपथ घेतली होती, गेलो तर दोघी, नाहीतर कोणीच नाही. निघायच्या आधी रेन्स्केच्या फोनवरून, एकमेकींना चिकटून बसून, तो कार्यक्रम पार पडला होता. घरातल्या एकाने विचारलं, "तुमचं चीज कोणी खाल्लं तर राग येईल का?" निंके म्हणाली, "विचारून खाल्लं तर नाही येणार." कोणी हसलं नाही. रेन्स्के म्हणाली, "खा की! मी तुमचं लोणी संपवीन." सगळं घर हसलं.

तेव्हापासून त्यांचं काही उत्तर नव्हतं. म्हणजे रेन्स्के तसं म्हणत होती.

खोली मिळाली नाही तर निंकेला रोज स्नेकहून गाड्या बदलत जावं लागणार होतं, आणि संध्याकाळी परत आपल्या लहानपणीच्या पलंगावर. तेही चाललं असतं. पण रेन्स्के त्या घरात हसत बसलीय आणि आपण फलाटावर थंडीत उभ्या आहोत, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं ते हटेना. रेन्स्केशिवाय निंकेला दुसरी मैत्रीण नव्हती. तिने कधी शोधलीच नव्हती.

साल्झबुर्गहून लुब्लियानाची गाडी सुटली तेव्हा तिघं एकाच टेबलाभोवती बसली होती. निंके पावावर लोणी लावून चॉकलेटचा चुरा भुरभुरत होती आणि कोणाकडे बघत नव्हती. बाहेर डोंगर येत होते, जात होते. रेन्स्केचा फोन थरथरला. तिने पडद्याकडे पाहिलं, वीबेकडे पाहिलं आणि उठली.

"आलेच हं, पाय मोकळे करून."

तिच्या पाठोपाठ वीबेलाही पाय मोकळे करायची आठवण झाली.

निंकेने पाव अर्धा खाल्ला. मग तीही उठली. डब्याच्या टोकाला काचेचं दार होतं, ते नीट लागत नव्हतं. फटीतून रेन्स्केचा आवाज येत होता, तो खास, पाहुण्यांपुढचा आवाज.

"हो, मी एकटीच येईन... नाही, तिला अजून नाही सांगितलं... नाही हो, ती काही तमाशा करणार नाही. हॅलो? डोंगर आहेत इथे, आवाज तुटतोय. मतदान झालं की करा, मी नक्की उचलते."

तमाशा निंकेने केलाच नाही. ती जागेवर आली, पिशवी पाठीला लावली आणि गाडीच्या शेपटाकडे चालू लागली. एक डबा, दुसरा, मग खाण्याचा डबा, त्याच्याही पलीकडे. जिथे त्या दोघांचं तोंड दिसणार नाही तिथे. शेवटी एका म्हाताऱ्या बाईसमोर जागा मिळाली. बाईच्या मांडीवर जाळीचं मुसकं घातलेला कुत्रा होता, आणि निंकेला तो त्या क्षणी साऱ्या गाडीत एकटाच प्रामाणिक वाटला. तिने कानात गाणी कोंबली.

इतका राग होता की तिने दारावरची पाटीसुद्धा वाचली नाही. गाड्यांतून महिना काढायला निघालेल्या पोरीने ती वाचायची असते. स्नेकमधली दहा वर्षांची पोरंही एकमेकांना सांगतात की तिकडच्या गाड्या वाटेत तुटतात, पुढचे डबे एका देशाला जातात आणि मागचे दुसरीकडेच. बरोबर गाडीत बसणं पुरत नाही, बरोबर डब्यात बसावं लागतं.

गाडी एका मोठ्या स्टेशनात थांबली आणि थांबूनच राहिली. व्हिलाख. फोन वाजला, वीबेचा. निंकेने वाजू दिला. म्हातारी काहीतरी म्हणाली, निंकेने मान डोलावली. फोन पुन्हा वाजला. वाजू दे, तिला वाटलं, आता कळेल.

मग दार धाडकन उघडलं आणि रेन्स्के आत आली, लालबुंद, धापा टाकत, रिकाम्या हातांनी.

"ऊठ! निंके, ऊठ आधी! हे डबे तुटतायत!"

निंकेने एका कानातला इअरफोन काढला. "का? एकटीच जायचं होतं ना तुला?"

"काय?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. ऐकलंय मी सगळं. मी एकटीच येईन म्हणे. ती तमाशा करणार नाही म्हणे."

रेन्स्केच्या चेहऱ्यावरचा सगळा लालपणा उतरला. "सांगते. सगळं सांगते. पण आधी चल! हे डबे क्लागेनफुर्टला जाणार आहेत, आपला डबा पुढे आहे!"

"आता गोड बोलून न्यायचं. खालची खाट दिलीस, पातेलं घासून दिलंत. आवळा देऊन कोहळा काढायला निघालात. जा तुम्ही दोघं लुब्लियानाला."

"अगं गाढवे, गाडी सुटतेय!"

बाहेर शिट्टी झाली. रेन्स्के दाराकडे वळली. फलाटावरून पळत गेली असती तर ती पोचली असती. तिचे पाय कोर्फबॉलचे होते. तिने दाराकडे पाहिलं, निंकेकडे पाहिलं. निंके खिडकीकडे तोंड करून दगडासारखी बसली होती. पुढचे डबे हलले. रेन्स्के निंकेच्या शेजारच्या जागेवर मटकन बसली.

"गेली," ती म्हणाली.

कुत्रा तिच्याकडे बघत होता.

"आता तरी उतर. की क्लागेनफुर्ट बघायचंय तुला?"

दोघी फलाटावर उतरल्या. मागचे डबेही निघून गेले. दोघींत मिळून एकच पिशवी उरली, निंकेची. बाकावर बसल्यावर रेन्स्केने जे सांगितलं त्यात निंकेला नवं असं फार काही नव्हतं. दोन खोल्यांपैकी एक घरातल्या कुणाच्या तरी मावसबहिणीला गेली. उरलेल्या एकीसाठी त्यांनी रेन्स्केला विचारलं. फक्त रेन्स्केला. ती हो म्हणाली, शेवटचं मतदान तेवढं बाकी होतं, आणि मग निंकेला सांगायचं कसं या विचारात ती इथपर्यंत आली.

"म्हणजे मी बरोबर होते," निंके म्हणाली.

"होतीस."

एवढ्या संशयानंतर बरोबर ठरल्यावर माणसाला बरं वाटावं. निंकेला अजिबात बरं वाटलं नाही.

"शपथ घेतली होती आपण. मी तुला त्याच दिवशी सांगितलं असतं."

"असशील," रेन्स्के म्हणाली. तिने वाद घातला नाही. "मी नाही सांगितलं. घाण केली मी. आणि आता त्यांचा फोन येणार, आणि माझा फोन तिकडे वीबेच्या शेजारी चार्जिंगला. जो फोन उचलत नाही त्याला ते घेत नाहीत. संपलं."

"माझ्यावरून लाव वीबेला."

रेन्स्केने लावला. लागला नाही. "बोगद्यात असेल. मोठा बोगदा आहे तिथे." तिने फोन परत दिला आणि उठली. "पुढची गाडी कधी आहे विचारून येते. भूक लागली तुला?"

तिने पाठ फिरवली आणि निंकेला आठवलं, ही सुटत्या गाडीतून माझ्यासाठी परत आली. नाही, परत आली कशी म्हणायची. ती पुढे गेलीच नाही. की तिथेही काही हिशेब होता? निंकेने बराच शोधला. सापडेना.

तेवढ्यात फोन वाजला. वीबे.

"अगं, त्या घरातल्यांचा फोन आला होता! मी उचलला," तो ओरडतच होता. "मी म्हटलं, एक मैत्रीण रुसून भलत्या डब्यात बसली होती, तिच्यासाठी ती गाडीतून उतरली. सगळे हसले. अशी मुलगी तर आम्हाला हवीच म्हणाले! खोली तिला मिळाली. पण आज जेवायला बसायच्या आधी तिने स्वतः हो म्हणायचंय, नाहीतर पुढच्याला देणार. नंबर पाठवलाय तुला. दे तिला फोन."

"ती इथे नाहीये. चौकशी करायला गेलीय."

"मग सांग तिला." वीबे जरा थांबला. "सांगशील ना?"

"म्हणजे काय? सांगणारच," निंके म्हणाली आणि तिला त्याचा संताप आला. स्वतःला काय समजतो हा?

रेन्स्के कागदाच्या पिशवीत दोन गरम क्रापफेन, जर्दाळूचा मुरांबा भरलेले तळलेले गोड पाव, घेऊन आली. एक निंकेला दिला. "तासाभराने आहे गाडी. कुणाचा फोन होता?"

"वीबेचा. पोचला की हॉस्टेलात आपल्या खाटा धरून ठेवतो म्हणाला."

"घराचं काही?"

"नाही," निंके म्हणाली.

शब्द किती सहज निघाला याचं तिलाच नवल वाटलं. आता रेन्स्के रोखून बघेल, उलटसुलट विचारेल, फोन मागेल, म्हणून ती वाट बघत राहिली. निंकेने स्वतः विचारलं असतं. पण रेन्स्केने नुसता सुस्कारा टाकला आणि क्रापफेनचा मोठा घास घेतला. पिठीसाखर तिच्या नाकाला लागली.

"मग गेलीच," ती म्हणाली. "जाऊ दे. एका परीने सुटले. चोरासारखं वाटत होतं गं, तुझ्याकडे बघवत नव्हतं. घरी गेलो की दोघी मिळून दुसरं शोधू. या वेळी चीजचं विचारलं तर तू बोलूच नकोस हं, मी बोलते."

दोघी मिळून. निंकेला हवं होतं ते सगळं तिच्या पदरात आपण होऊन येऊन पडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं, जेवणाच्या वेळेपर्यंत. वीबेने नंतर विचारलंच तर आवाज तुटत होता म्हणता आलं असतं, आणि रेन्स्केने ते मानलंही असतं. तिला शंका घेताच येत नव्हती. निंकेने अर्धा क्रापफेन खाली ठेवला.

"रेन्स्के, मी खोटं बोलले."

"काय?"

"घरातल्यांचा फोन आला होता. वीबेने उचलला. तुला मिळाली खोली. आज जेवणाआधी हो म्हणायचंय. नंबर माझ्याकडे आहे."

रेन्स्के चावायची थांबली. आनंद तिच्या चेहऱ्यावर येता येता मध्येच कुठेतरी अडला. ती निंकेकडे बघत राहिली. निंके तिला बालवाडीपासून ओळखत होती, पण ही नजर तिने कधी पाहिली नव्हती.

"आणखी काय म्हणाला तो?"

"एवढंच."

"नक्की?"

"नक्की. देवाशपथ."

रेन्स्केने साखरेचा हात पँटला पुसला आणि पुढे केला. निंकेने तिला फोन दिला. रेन्स्के उठून चार पावलं लांब गेली आणि घराचा नंबर लावण्याआधी तिने वीबेला लावला.