गावपळणीतली तारीख

शिवांगीच्या बाळाच्या नाळेत तीनऐवजी दोनच रक्तवाहिन्या आहेत, हे पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कळलं. "घाबरू नका, पण दर चार आठवड्यांनी वाढ बघायची. तारीख चुकवायची नाही," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मी सासू; मान मीच डोलावली.

आठव्या महिन्यातली तारीख नेमकी आमच्या आचऱ्याच्या गावपळणीत आली. देवाच्या हुकमाने अख्ख्या गावाने, कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायचं आणि देवाने कौल दिला की परतायचं. आम्ही माळावर झावळ्यांची झोपडी बांधली. शिवांगीची फाईल मात्र घरच्या कपाटातच राहिली.

"आई, फाईलीशिवाय जावया. नायतर मी धावत जावन आणतंय," ती म्हणाली.

"खुळी काय गो? सोडलेल्या गावात पोटुशीन पाय टाकूचो नाय. आणि फाईल नसताना डॉक्टरीण काय बघतली? चार दिवसांनी काय आभाळ कोसळता?"

खरं सांगते, देवाचं नाव मी उगाच पुढे केलं. बाहेरगावाहून माझ्या बहिणी आल्या होत्या, कोंबडी-वडे होते, फुगड्या होत्या. त्या मजेतून मला उठायचं नव्हतं. मुलगा केयूर जहाजावर, त्यामुळे जाब विचारणारंही कुणी नव्हतं. शिवांगी विषय सोडून चुलीकडे वळली आणि मला ते बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी कौल झाला नाही. झाला तो पाचव्या दिवशी. सहाव्या दिवशी तपासता तपासता डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. बाळाची वाढ थांबली होती, नाळेतून रक्त पुरेसं जात नव्हतं. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी, सव्वा किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

"तारीख का चुकवलीत?" संध्याकाळी बाईंनी विचारलं.

"माझ्या लक्षात राहिलं नाही," शिवांगी म्हणाली.

बाई तिला वाट्टेल ते बोलल्या. ओल्या टाक्यांची ती पोर सगळं ऐकून घेत होती आणि मी, साठीची घोडी, खाली बघत उभी होते. लाजेने मेले, तरी तोंड उघडलं नाही.

बाई गेल्यावर मी तिचे पाय धरले. "कित्याक गो असा सांगितलंस?"

"केयूराक खरा कळला तर तो तुमका पोरीक हात लावूक देवचो नाय," ती डोळे मिटून म्हणाली. "आणि आई, माका एकटीक तिका जगवूक जमाचा नाय."